नाडीपण?

प्रिय छोटे,

पत्र बघून म्हणशील, बाईसाहेबांचा फोन बिघडला की काय! फोन धडधाकट आहे गं, मीच धड नाही. गुरुवारी आपल्या बंधुराजांना काय येतं, काय नाही याची पडताळणी करायला माझ्याच खात्याची बाई तुझ्या घरी येणार आणि मी आजच कागद-पेन घेऊन बसलेय.

तिच्या हातातला फॉर्म मीच केलेला. पहिल्याच पानावर नियम आहे: उत्तर आधी त्या माणसाचं, त्याच्याच शब्दांत; घरच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. एवढं मंजूर व्हायला नऊ वर्षं गेली, साहेबांच्या केबिनबाहेर चपला झिजल्या माझ्या. त्यासाठी सत्कारही झाले. आता तोच नियम मला खायला उठलाय.

कारण आपले राजे! गोळ्या घेता येतात? येतात. बसने जाता येतं? येतं. चंद्रावर जाता येतं का विचारलं तरी मान डोलावतील. आणि जितकं जास्त येतं, तितके सरकारकडून मिळणारे मदतनिसाचे तास कमी. तो यायचा बंद झाला तर सकाळी राजेंना आंघोळ कोण घालणार, फिट आली तर कोण धरणार? तू, ती कंबर घेऊन?

तू तेव्हा अंगठा चोखत होतीस. त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आई आम्हाला घेऊन ऑफिसात गेली आणि साहेबांना म्हणाली, याला काही काही येत नाही. बिचारी दुसरं काय करणार? राजे शेजारच्याच स्टुलावर होते. सहा महिने खपून तो बुटाची नाडी बांधायला शिकला होता गं. घरी आला, नाडी सोडली, ती पुन्हा बांधलीच नाही. चाळीस वर्षांनी, गेल्या वर्षी, या मदतनिसाने त्याला परत शिकवली. मी या नोकरीत त्या नाडीपायी आले, हे मात्र कुठल्याच भाषणात बोलले नाही.

आता खरं सांगते. काल तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी राजेंना फोन केला. म्हटलं, गुरुवारी बाई काहीही विचारू दे, येत नाही म्हणायचं. मग हळूच म्हणाला, ताई, नाडीपण? मी हो म्हटलं गं, हो म्हटलं! तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही. यायला निघाले होते, पण त्याच्यासमोर उभं राहायचं धाडस होईना, म्हणून हे ऑफिसच्या शिपायाच्या हाती पाठवतेय. त्याला सांग, ताई चुकली, जे येतं ते येतं म्हण. मदतनीस बंद झालाच तर सकाळी सहाला मी तुझ्या दारात असेन, रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. पण आधी एवढंच कळव: आज सकाळी त्याने नाडी स्वतः बांधली का?

तुझीच,
घाबरलेली ताई