होडी कोरलेला टीपॉय

३ ऑक्टोबर
राजीनामा दिला. साहेब 'शुभेच्छा' म्हणाले, जरा लवकरच म्हणाले. वसई किल्ल्याजवळ फ्लोराआंटीची माडी अकरा महिन्यांसाठी घेतली. हॉलिडे अपार्टमेंट काढणार. थीम पोर्तुगीज. मनोरमा म्हणते, आधी गळका नळ बदला. बायकोला थीम कळत नाही.

९ ऑक्टोबर
भिंतीवर मासेमारीचं जाळं. वास येतो. ऑथेंटिक.

१४ ऑक्टोबर
सिमेटरीच्या भिंतीशी जुनी फरशी सापडली. कोरलेली होडी, क्रूस, १९४१–१९९८. टेम्पोवाला पांडू म्हणाला, साहेब, हा थडग्याचा दगड. म्हटलं, बेवारस आहे, उचल. चार पाय लावले, झकास टीपॉय. मनोरमा त्यावर कप ठेवत नाही. अंधश्रद्धा.

१९ ऑक्टोबर
फ्लोराआंटी रडत होती. दिराला त्याच जागी पुरायला नवऱ्याची कबर उघडली, तेव्हा नवऱ्याचा दगड भिंतीशी ठेवला होता. तो चोरीला गेला. दगडावर त्याचीच होडी होती, म्हणाली. मी समजावलं, दगडात माणूस नसतो. बरं वाटलं असावं. वर येऊन टीपॉयवर टेबलक्लॉथ घातला. उद्या नक्की सांगणार.

२० ऑक्टोबर
आज रविवार. नको.

२५ ऑक्टोबर
दगड शोधायला आंटीबरोबर भुईगावपर्यंत हिंडलो. पाय दुखले. असा भाडेकरू तिला मिळणार नाही. पहिलं बुकिंग आलं! गेस्ट गेले की सांगतो.

२ नोव्हेंबर, सकाळी ९
नाशिकचं जोडपं खूश. त्यांच्या बॅगा मीच माडीवर चढवल्या. मी पाव आणायला गेलो होतो. तेवढ्यात ते दोघं टेबलक्लॉथ काढून टीपॉयचे फोटो काढत होते. आज मृतांचा स्मरणदिन. आंटी गेस्टना केक द्यायला वर आली होती.
परतलो तेव्हा पोह्यांच्या बशा खाली जमिनीवर होत्या, दगडावर मेणबत्ती होती आणि आंटी गुडघ्यांवर. गेस्टही हात जोडून उभे. मनोरमासुद्धा.
आंटी ओरडली नाही. फक्त म्हणाली, भुईगावला तू माझ्यासंगती चाललास ना रे, बाला? मग गेस्टना पाणी विचारलं. मला नाही.

३ नोव्हेंबर
दगड खाली उतरवला. एका बाजूला पांडू, दुसऱ्या बाजूला मी. आंटीने महिनाअखेर माडी रिकामी करायला सांगितलं. मनोरमा सिमेटरीत तिच्याबरोबर गेली, मला ये म्हणाली नाही.
रिव्ह्यू आला. पाच स्टार. 'आंटींचं घर. पुन्हा येऊ. सामान उचलणारा माणूस तेवढा बदला.'
साहेबांना फोन केला. उचलला नाही. नळ अजून गळतोय.