पाचवा अर्ज

४ मे
चौथ्या अर्जाचंही उत्तर नाही. आता येणारही नाही. अब्बांना कबूल करून बसले आहे, पाचवा शेवटचा. तोही गेला तर कारंज्याला मामूच्या मोबाइल दुकानात काउंटरवर उभं राहायचं. बी.एस्सी. बॉटनी, आणि दिवसभर लोकांच्या फोनला काच चिकटवायची!

जाहिरात वाशीमची. खाजगी बियाणे तपासणी प्रयोगशाळा, सहायक पाहिजे. शेवटची तारीख १४. खाली बारीक अक्षरात: सोबत कव्हर लेटर जोडावे, एक पान, तुम्हीच का ते सांगा. ती ओळ दहा वेळा वाचली. मीच का? मला काय माहीत!

५ मे
सतीशभाऊच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. चारही अर्ज त्यानेच टाइप करून दिले होते. आज त्याच्या स्क्रीनवर माझ्या आधीच्या पोराचं पत्र उघडं होतं. शब्दन् शब्द माझं. "घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती." फक्त नाव वेगळं.

"हे सगळ्याइले देता का तुमी?"

"मंग का प्रत्येकाले नवीन बनवू? नमुना हाये तो, ताई."

म्हणजे चार ठिकाणी मी सतीशभाऊचंच पत्र पाठवलं. कान गरम झाले. आणि आमची कुठली आली हलाखी? भर बाजारात पोत्यांचं दुकान आहे, दर शुक्रवारी घरात मटण शिजतं. खाली सही मात्र माझीच. न वाचता ठोकलेली. राग नक्की कोणावर काढू?

६ मे
स्वतः लिहायला बसले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, अब्बा फाटकी पोती दाभणाने शिवत होते. "मी एक होतकरू व कष्टाळू..." फाडलं. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड..." साफ खोटं. लहानपणी मला फक्त चिंचा आवडायच्या. तेही फाडलं.

अब्बा: "बेटा, हालत लिहा लागते. नाही लिहिली तं त्याइले दया कशी येईन?"

"दया नाही पाह्यजे अब्बा, नोकरी पाह्यजे."

मग म्हणाले, एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी आणतो. मी नको म्हटलं, जरा जोरातच.

८ मे
दरवर्षी आमच्याकडून पोती नेणाऱ्या वच्छलाकाकू खेड्यावरून पहिल्या बसने आल्या. पिशवीच्या तळाशी घरचं सोयाबीन. "नसरीन व, पाह्य माय, पेरू का नको."

गोणपाटाचा तुकडा भिजवला. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत. आठव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे, सत्तर आले तर बियाणं चालतं. सहा वर्षं झाली. पोती घ्यायला येणारा मे महिन्यात सोबत बियाण्याची पुडी घेऊनच येतो. मी वहीत नाव लिहिते, कोंब मोजते, सांगते. याला कोणी काम म्हटलं नाही. मी तर नाहीच.

गुंडाळी बांधता बांधता हात थांबला. या अल्ला! प्रयोगशाळेत दुसरं काय करतात?

९ मे
लिहिलं! एका बैठकीत. पहिली ओळ: "मालेगावातल्या (जि. वाशीम) आमच्या पोत्यांच्या दुकानात मी सहा वर्षांत दोनशे अकरा शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवून पाहिलं." आकडा वहीतून काढला, दोनदा. मग कसं करते ते. पाणी किती, सावली कुठली, कोणता कोंब मोजत नाही. 'नम्र विनंती' कुठेच नाही. मोठ्याने वाचून पाहिलं. मीच बोलतेय. एकटीच हसत बसले.

१० मे
नाही, झालं नाही अजून.

'कोणता कोंब मोजत नाही' असं लिहिलंय खरं, पण ते शिकले कुठे? कॉलेजात नाही. वच्छलाकाकूंच्या शेतावर. कोंब मोजायचं माझं दुसरं वर्ष होतं. हिरवं दिसलं की मोजायची. मोडके, मूळ नसलेले, सगळे धरून काकूंना ८० सांगितले. त्यांनी पेरलं, शेत विरळ उगवलं, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून मूळ धड नसेल तर तो दाणा मेलेला धरते.

हे लिहायचं? लिहिलं नाही तर पत्र अर्धं. लिहिलं तर...

अब्बांना वाचून दाखवलं. त्यांनी दाभण खाली ठेवलं. "अर्जात सोताची चूक? असं कोन लिहिते, बेटा? लोकं झाकून ठेवतेत."

१२ मे
अर्जात तुमचं काम माहीत असलेल्या एका व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर मागितलाय. काकूंना फोन लावला. तुमचं नाव देऊ का? आणि ती दुबार पेरणी लिहू का?

विचारून टाकलं आणि मला वाटलं, जुनी जखम उकरली.

"लिव्ह. पन हेबी लिव्ह का त्याच्यानंतरबी मी दरसाल तुह्याच जवळ येतो."

लिहिलं. डोळे पुसत पुसत.

१३ मे
पाठवलं. टाइप सतीशभाऊनेच केलं, कपाळाला आठ्या घालून. शेवटी म्हणाला, "गप्पा मारल्यावानी वाटते, ताई. पन वाचाले मस्त हाये." सतीशभाऊने पत्र वाचलं! पत्र कामाचं असल्याची याहून मोठी पावती नको.

१६ मे
काकूंची गुंडाळी उघडली. ८६, सगळे मुळासकट. फोनवर त्या एवढ्या ओरडल्या की अब्बांनाही ऐकू आलं.

२२ मे
काकूंचा फोन. धापा टाकत. "वाशीमच्या म्याडम बोलल्या मासंग. पुसे, का पोरगी चुकली होती हे खरं का? मी म्हनलं, खरं हाये. अन् पेरनी मोडली तवा हेच पोरगी बसनं वावरात आली, रोपं उपटून पाह्यत बसली, का कुठं चुकलं म्हनून. दुसऱ्या कोनाले पडली होती?"

मी हे विसरूनच गेले होते.

चार वाजता मला फोन. २६ ला मुलाखत, वाशीम!!! अब्बांनी आज आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एकाला दोनदा.

२६ मे
चौघांना बोलावलं होतं. मॅडमच्या टेबलावर माझं पत्र, काकूंच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलची रेघ. म्हणाल्या, "साठेक अर्ज आले. निम्म्यांत तीच हलाखी, त्याच शब्दांत." मी मान खाली घातली. सतीशभाऊ! "हे एक पत्र मी घरी नेऊन वाचलं." मी बसल्या जागी बोटभर उंच झाले असेन.

मग आतल्या खोलीत नेलं. वाळूच्या ट्रेमध्ये शंभर दाण्यांची रोपं. "आमच्या माणसाने बहात्तर मोजलेत. तू मोज."

एकेक उपटून मोजलं. चार रोपांना मूळ धड नव्हतं. अडुसष्ट.

"पुन्हा मोज." चेहऱ्यावर काहीच नाही. पुन्हा मोजलं. अडुसष्ट.

"सत्तरच्या खाली गेलं की पूर्ण माल नापास होतो. माहीत आहे ना?"

माहीत होतं. ही माझी परीक्षा होती की त्यांना खरोखर बहात्तर हवे होते, मला अजूनही कळत नाहीये. नोकरी हाताच्या अंतरावर. ६८ लिहिलं, खाली सही केली. चारही रोपं बाजूला काढून ठेवली, म्हटलं, हे बघा. त्यांनी पाहिलं. "कळवू," एवढंच.

बसमध्ये भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून गावंसं वाटत होतं.

मालेगाव स्टँडवर अब्बा उभे. भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून! "काय झालं?" सगळं सांगितलं.

"चारले मूळ खरंच नोयतं?"

"नव्हतं."

"आनखीन मोजाले लावलं असतं तं?"

"तरी अडुसष्टच."

"मंग अडुसष्टच." आणि भर स्टँडवर डोक्यावर हात ठेवला. मग खिशातून फोन काढून कारंज्याला लावला. मामूला म्हणाले, नसरीन काउंटरवर नाही येत, दुसरं कोणी पाहा.

"अब्बा, निकाल नाही लागला अजून!"

"नाही लागला तं नाही लागला. आनखीन अर्ज लिव्ह. पन असाच लिव्ह."

२९ मे
वाशीमचा फोन अजून नाही. सकाळपासून तीन पुड्या आल्या, गोणपाट भिजत घातलंय.