दोरीवरचा युनिफॉर्म

बिरवाडी, मंगळवार, १२ नोव्हेंबर

महाडच्या त्या ऑफिसला हो की नाही, ते उद्या कळवायचंय. तिथे खुर्ची, फायली, स्वच्छ हवा. पण रुजू होताच बाळंतपणाची रजा मागणारी बाई कोणत्या साहेबाला आवडते? इथे एमआयडीसीत जुनी नोकरी, रजा हक्काची; फक्त दिवसभर लॅबमध्ये सॉल्व्हंट हुंगायचं. म्हणजे बाळासाठी रजा हवी, तर पोटातल्या बाळालाही तेच हुंगवायचं. काय पण सोय.

चाळिशीच्या तोंडावर आई व्हायचं ठरवलं, की डॉक्टरसुद्धा घड्याळाकडे बघून बोलतात. आणि नवरा म्हणतो, "तुला हवं ते कर." नवरे एवढे उदार फक्त अडचणीत होतात.

युनिफॉर्म बाहेरच्या दोरीवरच ठेवायचा, घरात आणायचा नाही. आमच्या चाळीत सगळ्या कंपनीवाल्यांचं असंच. आज मात्र धुऊन, वाळवून, हुंगून आत आणला. वास अजिबात नव्हता.

पोलादपूरहून आलेल्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "भायेर टाक गो तो. डोकं उठलं माझं."

"आई, आत्ताच धुतलाय. वास नाही त्याला."

"तुला येत नाय म्हणून तो नाय काय?"

पुन्हा नाक खुपसलं. काहीच नाही. आणि इतकी वर्षं याच नाकाच्या भरवशावर मी सांगत आले, की मला काही होत नाही.

युनिफॉर्म परत दोरीवर टाकला. उद्या महाडला हो कळवते. रजेसाठी भांडावं लागेलच. नाक गेलं असेल, तोंड अजून शाबूत आहे.