बाहेरून घातलेली कडी

लिमोझ, जून १९९६

प्रिय बाझील,

आमचं फिरतं मोटारघर उत्तम चाललंय, इतकं चालवूनही माझ्या गास्तोंची पाठ बरी आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

युद्धात जर्मनांनी जाळलेलं बाबांचं गाव काल पाहिलं. त्यांच्या पडक्या घरापाशी एक म्हातारी भेटली. मी एमिलची मुलगी म्हटल्यावर फिस्कारली, "अजून जगतोय तो? धाकटी बहीण मागे येऊ नये म्हणून बाहेरून कडी घालून मासे धरायला गेला. पोर आतच जळाली."

आपल्याला आत्या होती, बाझील!

मी म्हटलं, "अकरा वर्षांचे होते हो ते."

"आणि ती पाच वर्षांची."

घर सापडलं का, असं बाबा विचारतील. नाही म्हणून सांग. त्यांना जप.

तुझी ताई,
ओडिल