चौदा नंबरचं जुनं उत्तर

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत तुमच्याशी बोलावंसं मला फारसं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू. तुमचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. आईला भाकरीला उशीर झाला तरी हात, मी उलट बोललो तरी हात. तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो, पण घरातला धाक गेला हेही मला त्याच दिवशी जाणवलं. आज रविवारची दुपार आहे. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आहे. कामतघरच्या आपल्या त्याच खोलीत बसलो आहे, पलीकडच्या कापडाच्या कारखान्यातल्या लूमची खडखड भिंतीतून येते आहे, आणि जे सांगायचं आहे ते ऐकून घेईल असं दुसरं कोणी मला सुचत नाही.

माझं काम काय ते तुम्हाला कधी कळलं नाही. "दिसभर खुर्चीत बसून बोटं बडवतो, उंटावरचा शहाणा," असं तुम्ही चाळीभर सांगायचात. तर आता ऐका. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये मी प्रोग्राम लिहितो. ट्रक आला की कुठला माल कुठल्या रॅकवर चढवायचा ते माझा प्रोग्राम पडद्यावर दाखवतो. त्यात एक फंक्शन आहे, म्हणजे ठरलेलं एक गणित. त्याला रॅकचा नंबर द्यायचा. मग ते त्या रॅकचे पाय, आडव्या पट्ट्या, शेजारच्या रॅकचा आधार, कुठे काही वाकलं-तुटल्याची नोंद असेल तर तीही, असं सगळं वाचतं आणि हा रॅक किती वजन पेलेल ते सांगतं. गणित मोठं आहे, पाऊण मिनिट लागायचं. पाऊण मिनिट म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण दारात सहा ट्रक उभे असले की ड्रायव्हर शिव्या देतात, हमाल पडद्यावर थुंकायला येतात, आणि मॅनेजर माझ्या टेबलावर मूठ आपटतो. एकदा त्याने माझा डबा उचलून भिंतीवर फेकला. म्हणून मी त्या फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. एकच ओळ. तिचा अर्थ असा, की एकदा काढलेलं उत्तर जपून ठेव, पुन्हा तोच नंबर आला तर गणित करू नको, जपलेलं उत्तर दे. पाऊण मिनिटाचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागलं. मॅनेजरने पाठ थोपटली. मीही स्वतःला शहाणा समजलो.

हे तुम्हाला कळेल, कारण तुम्ही हेच करत होता. तुम्ही जॉबर, लूम लावून देणारे. नव्या जातीचं कापड चढलं की दात्यांचं चाक कुठलं घालायचं, धोटा फेकणारा पट्टा किती आवळायचा, हे शोधायला तुमचा अर्धा दिवस जायचा. सापडलं की प्रत्येक लूमच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायचात. तीच जात परत आली की भिंतीवर बघायचं, आवळायचं, चालू करायचं. पण मी एक गोष्ट पाहिली होती. लिहिलेलं वाचल्यावरही तुम्ही क्षणभर लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून उभे राहायचात आणि मगच पाना उचलायचात. कॉलेजला होतो तेव्हा डबा द्यायला आलो असताना मी हसलो होतो, तर म्हणालात, "लिवलेलं कालचं असतं, मशीन आजची असती." आणि हसलो म्हणून वर एक टपली.

ज्या दिवशी तुम्ही हात ठेवला नाहीत, तो दिवसही मी पाहिला. आत्या वारली, तिच्या जलदानाच्या विधीला तुम्ही गावी गेला होता. त्या चार दिवसांत मालकाने एका लूमची पुली बदलून घेतली, लूम जोरात पळायला लागली, आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तुम्ही आलात तेव्हा मालक बोंबलत होता, माल आजच हवा, आजच. तुम्ही भिंतीवरचं वाचलंत, पट्टा जुन्या वेगाला होता तेवढाच आवळलात आणि बटण दाबलंत. मी दारात उभा आहे, हातात डबा आहे. फट् असा आवाज होतो. धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सुटून बाहेर येतो आणि समोरच्या विणकराच्या डाव्या डोळ्यात त्याचं लोखंडी टोक घुसतं. तो ओरडत नाही. तो खाली बसतो, दोन्ही हात तोंडावर धरतो, आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

निजामपुऱ्यातून त्याचे दोन भाऊ तासाभरात आले. "किसने लगाया था ये लूम?" मालक हिशोबाच्या खोलीत शिरून कडी लावून बसला. पुली त्याने बदलली होती, सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. तुम्हालाही तोवर कळलं होतं. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "मी लावली. बघून लावायला पायजे होती, न्हाय बघितली." त्यांनी लूमचाच लाकडी दांडा उचलला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीवर, तुम्ही पडल्यावर पोटात लाथा. जो हात आमच्यावर इतक्या सहज उठायचा, तो त्या दिवशी तोंडापुढे आडवासुद्धा आला नाही. मी मध्ये पडलो नाही. दारात डबा धरून उभा राहिलो.

घरी आणलं तेव्हा आईने स्वयंपाकघरात जुनं लुगडं फाडून तुमची छाती आवळून बांधली. मी विचारलं, पुली मालकाने बदलली, मग तुम्ही कशाला मार खाल्लात? गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? मूर्ख आहात, असंही म्हणालो. तुम्ही शेजारचा पितळी तांब्या उचलून फेकलात. माझी भुवई फाटली. तीन बरगड्या मोडलेल्या माणसाला इतका जोर कुठून आला कोण जाणे. आई दोघांच्या मध्ये बसून रडत होती आणि तुम्ही म्हणत होता, "त्याचा डोळा गेलाय. तुला पुली दिसते." मी त्यानंतर दोन महिने तुमच्याशी बोललो नाही. तुमचं बरोबर होतं हे तेव्हाही कळत होतं, त्याचाच तर राग होता.

आता माझं ऐका. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आहे, तिशीचा, आतल्या गावचा, शेतकऱ्याघरचा. महिन्याभरापूर्वी तो माझ्या केबिनमध्ये आला. "सायब, चौदा नंबरच्या रॅकचा पाय वाकलाय. माझाच धक्का लागला. लिवून ठेवा." आपली चूक आपणच सांगायला आलेला माणूस. मी त्याच्यासमोर नोंद केली. पण माझ्या त्या एका ओळीला नोंदीचं काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त नंबर कळत होता. नंबर तोच, चौदा, म्हणून उत्तरही तेच, पाय सरळ होता त्या दिवसाचं. नोंद बदलली तर जपलेलं उत्तर पुसायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. आठवलं नव्हतं असंही नाही. नंतर करू म्हणून ठेवलं होतं.

गेल्या मंगळवारी पडद्यावर चौदा नंबर हिरवा आला, म्हणजे वजन चढवायला हरकत नाही. त्याला वाटलं, हिरवा आला म्हणजे पाय दुरुस्त झाला असणार. त्याने दीड टन माल रचलेला लाकडी पॅलेट वर ठेवला. आधी करकर असा आवाज आला, मग पाय दुमडला, मग अख्खी रांग एकावर एक कोसळली. खाली एक हमाल होता. त्याला बाहेर ओढला तेव्हा गुडघ्याखालचा पाय त्याच्याबरोबर आला नाही, नुसत्या कातड्याला लोंबत राहिला. बाकीच्या हमालांनी फोर्कलिफ्टवाल्याला सीटवरून खेचला. हेल्मेटने मारला, पॅलेटच्या फळीने मारला, फळीला खिळे होते. तो हात जोडून काहीतरी सांगत होता, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या जबड्यावर बूट घातला आणि सांगणं थांबलं. मी केबिनच्या काचेमागे होतो. दार उघडं होतं. त्यातून बाहेर जाण्याऐवजी मी खुर्चीत बसलो, प्रोग्राम उघडला आणि ती ओळ बघितली. दोन मिनिटांत सगळं कळलं. बाहेर अजून मारत होते.

त्याच संध्याकाळी मी ओळ दुरुस्त केली. नवी नोंद झाली की त्या रॅकचं जपलेलं उत्तर पुसून टाकायचं, एवढंच. बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथे मी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. मॅनेजरने अहवाल बनवला की माल ठेवताना चालकाने रॅकला धडक दिली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. शुक्रवारी मॅनेजरने तो कागद पुढे केला आणि मी सही केली. पाय वाकल्याची नोंद अजून तशीच आहे, खाली माझं नाव आहे. कोणी मागितली नाही, मी दाखवली नाही. नोकरी तर फोर्कलिफ्टवाल्याची गेलीच, आता पोलीस केस होणार आहे. हे थांबवू शकेल असा जगात एकच माणूस आहे आणि तो इथे बसून मेलेल्या बापाला पत्र लिहितो आहे.

मी तुमच्यासारखा कोणावर हात उचलत नाही, याचा मला फार अभिमान होता. बायकोवर नाही, पोरांवर नाही. आता वाटतं, न उचलताही माणसाचा जबडा फोडता येतो. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. आईच्या पाठीवरचे वळ मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी कारखान्यात तुम्ही पुढे झालात तसं एक पाऊल मला टाकता येत नाही, आणि मला तुमचाच राग येतो, की बाकी सगळं माझ्या अंगात घातलंत आणि हे कसं काय घातलं नाहीत.

काल त्या फोर्कलिफ्टवाल्याच्या घरी गेलो होतो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून रिक्षात बसलो होतो. तो खाटेवर पडला होता, जबडा तारेने बांधलेला, एक डोळा सुजून बंद. डोक्याला मार लागल्यापासून त्याला मागचं नीट आठवत नाही, असं त्याची बायको म्हणाली. मला बघून तो उठायला लागला. दातांमधूनच म्हणाला, "सायब, पाय वाकलाय म्हणून मी तुमाला सांगितलेलं ना? का मला नुसतं तसं वाटतंय?" त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, आठवत नाही. तो परत उशीवर टेकला. मग म्हणाला, "मंग माझंच चुकलं असंल." त्याच्या बायकोने चहा आणला. मी प्यायलो, बाबा. अजून अर्धा कप घ्या म्हणाली, तेव्हा मी कप पुढे केला.