दुपारचं पुण्याचं विमान

जळगाव,
१० ऑगस्ट

ती. हितेंद्रभाऊस,

धाकट्या कामिनीचा नमस्कार. वहिनी बरी असेलच. भाविकाचा अभ्यास कसा चाललाय? तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. पाकीट तरी फोडशील.

माझं विमानतळावरचं झाडू-पोछ्याचं काम चालू आहे. सुरुवातीला छोटं विमान यायचं तेव्हा प्रवाशांपेक्षा आम्हीच जास्त असायचो. मग तेही बंद पडलं. कित्येक महिने चिटपाखरू नाही, आणि मी रोज फरशी पुसतेय. शेजारची कुंदाबाई म्हणायची, कामिनीची माशा मारायची नोकरी. आबा तेवढे संध्याकाळी ओट्यावरून विचारायचे, "आज कितला मानसं गयात व?" शून्य म्हटलं की हसायचे.

आता विमान भरून जातं. धुळ्याची, मुक्ताईनगरची माणसं गाड्या करून येतात. उडणारा एक, पोचवणारे अकरा. परवा एका आजीने नातवाच्या हातावर दही घातलं, ते सगळं दाराच्या काचेला लागलं. मीच पुसलं. पण हे सांगू कोणाला? घरी विचारायला कोणी नाही. फार एकटं वाटतं रे.

आबांचं वर्षश्राद्ध पुढच्या गुरुवारी आहे. चंदन असेल तिथे पाय ठेवणार नाही, असं तू मामांना सांगितलंस म्हणे. थोरला मुलगा असून तुझा मान गेला, चुलतभावाने अग्नी दिला, एक रात्र थांबला नाही, हा तुझा राग. भाऊ, चंदनचा काही दोष नाही. वर्षभर हे लिहायचं टाळलं.

आबा गेले त्या संध्याकाळी तू ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतंस. सकाळी सहाला दारात असतास. मीच म्हटलं, ते रद्द कर, उद्या दुपारच्या विमानाने ये, पाच मिनिटांत घरी आणते. पण आबा गेले त्या दिवशी दुपारीच पुण्याचं विमान ढगांमुळे न उतरताच परत गेलं होतं. मी कामावर होते, मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही. आपल्या घरचं माणूस विमानातून उतरलं, हे कुंदाबाईने, सगळ्या गल्लीने बघावं, एवढीच हौस. आबा घरात तसे, आणि मला मिरवायचं होतं. लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिरडी बांधून सगळे अंगणात थांबले. कुरकुरणाऱ्यांना चंदनच थोपवत होता. आवाज आला तशी पोरं ओरडली, "इमान उनं!" सगळ्यांच्या माना वर. ढगात काही दिसेना. आवाज दोनदा फिरला आणि लांब गेला. तू त्यात होतास. कुंदाबाईच म्हणाली, "गयं व माय, परत गयं."

तरी चंदन दिवस मावळेपर्यंत थांबला. मडकं खांद्यावर घेताना मला म्हणाला, "भाऊ माले माफ करी का व?" तेव्हाही मी गप्प राहिले. तू आल्यावर त्याला नको ते बोललास, तेव्हा दाराआडून ऐकत होते.

काल त्याला सगळं सांगितलं. चहा तसाच ठेवून उठून गेला.

आता राग माझ्यावर धर. पण गुरुवारी ये, माझ्यासमोर बसून धर. पिंड तुझ्या हातचा हवा.

तुझ्या रागाची खरी धनीण,
कामिनी