पुसून परत दिलेला डबा

प्रिय मास्तरीणबाई,

या पत्रावर तांबडी पेन्सिल फिरवायची असेल तर खुशाल फिरव. माझी शाळा म्हणजे गावातली दोन खोल्यांची, त्यातलीही एक गळकी; तुझ्या पंक्तीला बसण्याइतकं शुद्ध मला या जन्मी जमणार नाही. पण आज शेवटपर्यंत वाच. काल फोनवर तू म्हणालीस, येत्या रविवारी येते. आठ महिन्यांनी तू घरी यायचं म्हणालीस, आणि फोन ठेवून मी देवासमोर बसलो तर हात जोडवेनात. ज्यामुळे जोडवेनात ते फोनवर सांगता आलं नाही. टीव्हीच्या डब्याबद्दलचं आहे ते.

गेल्या आठवड्यात तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणाला, दाजी, ताईचं मन परतायचं दिसतंय, पण घरात टीव्हीचं नाव काढू नका, आमच्याकडेही लागला की ती उठून आत जाते. मला ते नवीन नव्हतं. आपली ठकी देवाघरी गेली त्यानंतर महिन्याभरात तूच म्हणाली होतीस की या घरात आता टीव्ही लावायचा नाही, आणि मी मान डोलावली होती. आज कबूल करतो, मी लावत होतो. तू माहेरी गेल्यावर रोज सकाळी, दुकानात जायच्या आधी, आवाज बंद करून. बाकी काही नाही, फक्त ते अकरा सेकंद.

तुला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतोय. आंतरशालेय शर्यतीची बातमी. पहिली आलेली मुलगी माईकपुढे बोलतेय आणि तिच्यामागे आपली चौथी आलेली ठकी. आपल्याला कुणी टिपतंय याचा तिला पत्ताच नाही. एरवी मोबाईल पुढे केला की ती पुतळा व्हायची; आपल्याकडे तिचे फोटो आहेत ते सगळे त्या पुतळ्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी पुन्हा लागली तेव्हा तिनंच रिमोटचं लाल बटण दाबून ती साठवून ठेवली होती आणि मला म्हणाली होती, पप्पा, जिंकणाऱ्यापेक्षा मीच जास्त दिसतेय. तू तेव्हा शाळेत होतीस. मग ते बघायचं राहत गेलं, आणि नंतर तुझ्याच्यानं बघवलं नसतं.

भावाच्या फोननंतर मी ठरवलं, तू यायच्या आत ही कटकट कायमची मिटवायची. सेवा बंद करायची, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी बटण दाबलं तरी मालिका नाही, बातम्या नाही, घर शांत. कंपनीला फोन केला. तिकडून सांगितलं, डबा, म्हणजे तो सेट-टॉप बॉक्स, भाड्याचा आहे. डबा, रिमोट, वायर, सगळं दुकानात आणून द्या. टीव्ही तेवढा आपला. आता हस, पण मला वाटलं ते असं: चित्र टीव्हीत दिसतं म्हणजे ते टीव्हीतच राहतं. डबा फक्त बाहेरचं आत आणून टाकतो, पोस्टमनसारखा. पोस्टमनला रजा दिली म्हणून घरात आलेली पत्रं थोडीच नाहीशी होतात? तीस वर्षं लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतोय, कुणाला काय धूसर दिसतं ते पहिल्या झटक्यात ओळखतो, आणि हे मात्र मला दिसलं नाही. कुणाला विचारलंही नाही. विचारायला म्हणून घरात जी होती, ती असती तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी डबा सोडवला. वापरलेली वस्तू परत करायची तर नीट करून द्यावी, हे आईनं शिकवलेलं. दुकानातून भिंगं पुसायचं पाणी आणि मऊ फडकं आणलं होतं. डब्याच्या वरच्या बाजूला तेलकट बोटांचे ठसे होते, ठकीच असणार, कारण चालू करताना डब्यावर थाप मारायची सवय तिलाच होती. बाजूला तिनं एक चांदणी चिकटवली होती, तीही नखानं खरवडली. रिमोटच्या बटणांमधली घाण काडीनं काढली. पुसता पुसता मला बरं वाटत होतं गं. वाटलं, किती दिवसांनी तिच्या एखाद्या वस्तूला हात लावतोय आणि तो मागे घ्यावासा वाटत नाहीये.

शनिवारी दुपारी नेऊन दिला. काउंटरवरच्या मुलीनं यादीवर खुणा केल्या, डबा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "काका, इतका स्वच्छ डबा कुणी परत आणत नाही." मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

घरी येऊन टीव्ही लावला. निळा पडदा, सिग्नल नाही. टीव्हीला स्वतःची इनमीन चार बटणं. सगळी पुन्हा पुन्हा दाबली. मग जसा होतो तसा, चपला उलट्या घालून, दुकान बंद व्हायच्या आत परत गेलो. वरातीमागून घोडं. चारच्या गाडीनं डबे गोदामात गेले होते. ती मुलगी भली, तिनं माझ्यासमोर गोदामात फोन लावला. आलेला डबा लगेच कोरा करतात, मग दुसऱ्या घरी देतात. ती हळूच म्हणाली, काका, डब्यातलं डब्याबरोबर गेलं, आणि तुमच्याकडे असता तरी सेवा बंद केल्यावर ते उघडलं नसतं. तिनं वाहिनीच्या ऑफिसातही विचारून दिलं. जुन्या बातम्या ते तीन महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत. कसली बातमी होती, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, शर्यतीची.

देवाला मी दोष देत नाही. तिला नेली तेव्हाही दिला नाही, निदान मोठ्यानं नाही. पण हे त्यानं केलेलं नाही, मी केलंय, माझ्या हातानं, पुसून पुसून.

आता कालच्या फोनचं. तू म्हणालीस, "रविवारी येते. आणि अहो, ते ठकीचं लावून ठेवा. आपण दोघं बसून बघू. आता बघवेल मला." आणि मी म्हणालो, हो. तेवढा एकच शब्द, आणि तो खोटा. तू दारात पिशवी ठेवशील, हातपाय न धुता टीव्हीसमोर बसशील, तेव्हा हे सांगायची माझी छाती नाही. म्हणून आजच लिहितोय; गुरुवारपर्यंत तुला मिळेल. वाचून तुला इथं यावंसंच वाटलं नाही, तर मी कुठल्या तोंडानं आग्रह करू? पण एक ऐक. ते मी इतक्यांदा पाहिलंय की मला वाटत होतं, डोळे मिटले तरी सगळं सांगेन. ती पाणी पिते, उरलेलं डोक्यावर ओतते, कुणीतरी काही बोलतं, ती हसते आणि बुटाची नाडी बांधायला वाकते. आज सकाळी तुला सांगायची मनात तयारी करत होतो आणि अडलो. नाडी डाव्या पायाची की उजव्या? बाटली कुठल्या हातात? दोन दिवस झालेत फक्त, आणि आत्ताच पुसट होतंय. तेव्हा रागव, वाटेल ते बोल, पण रविवारपर्यंत थांबू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. माझ्याजवळ जेवढी उरलीय तेवढी तुला सांगून टाकतो.

खोटं 'हो' म्हणालेला, तरी तुझाच,
भिंगवाला